पहिले पन्नास तास

पुस्तिकेत लिहिलंय, पहिले पन्नास तास
इंजिनाला दामटायचं नाही,
आणि एकाच वेगात फार वेळ ठेवायचंही नाही.
सिग्वार्टनं मोठ्यानं वाचून दाखवलं मला,
चष्मा कपाळावर, बोट ओळीखाली.
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली आमच्या.
तेव्हा असली पुस्तिका कुणी दिली नव्हती.

फ्लोरोच्या धक्क्यावरून निघालो
तेव्हा बोटीला नव्या फ्रीजसारखा वास होता.
गाद्यांवरचं पातळ प्लास्टिक त्याला काढवेना.
मी काढलं, भाजीच्या सुरीनं,
तो पाणी भरायला गेला होता तेवढ्यात.
नावं दोन होती, दोघांची दोन,
म्हणून मागची पाटी कोरीच.
बंदरातल्या पोरानं वहीत लिहायला विचारलं, नाव?
सिग्वार्ट म्हणाला, अजून पांढरी आहे.
पोरानं लिहिलं : पांढरी.

अडतीस वर्षं हा माणूस टपालाच्या जहाजावर होता,
बर्गनपासून किर्केनेसपर्यंत, आणि परत, आणि पुन्हा,
पण पाण्याच्या रेषेखाली. इंजिनाजवळ.
किनारा त्यानं कानानं ओळखलेला.
लोक विचारायचे, काय काय पाहिलंस रे?
तो सांगायचा, दाबाचे काटे.

मोलोयला वारा आडवा आला,
मी रबरी फुगा टाकायला उशीर केला
आणि धक्क्यावरच्या लोखंडी खिळ्यानं
उजव्या कुशीवर वीतभर ओरखडा काढला.
त्यानं खाली वाकून त्यावरून अंगठा फिरवला.
माशाच्या वड्या गार होईपर्यंत बोलला नाही.
मला मात्र, खरं सांगते,
त्या रात्री पहिल्यांदा बोट आपली वाटली.
आतली खोली दोघं कुशीवर वळू शकतील एवढी,
बाहेरची खोली, पडद्यावर, तीनशे चाळीस मीटर.

स्टाडच्या आधी तीन दिवस अडकलो, सेल्येला.
पिवळे बूट घातलेली गुडवेग नावाची म्हातारी
रोज सकाळी धक्क्यावर येऊन आभाळ हुंगायची
आणि मान हलवायची, नाही.
तिथं लाटा तीन बाजूंनी येतात, म्हणाली,
पूर्वी लोक होड्या डोंगरावरून ओढत न्यायचे, उगाच नाही.
चौथ्या दिवशी पहाटे चारला तिनं काचेवर टकटक केली :
निघा. आणि रुबार्बच्या मुरंब्याची बाटली आत सरकवली.

मधोमध, कप घरंगळत असताना,
सुकाणू माझ्या हातात होतं.
सिग्वार्ट डोळे मिटून बसलेला.
मला वाटलं, मळमळतंय.
तो म्हणाला, इथं आम्ही आवाज उतरवायचो.
थोड्या वेळानं : आता उजवीकडे दिवा.
होता. लालबुंद डोक्याचा, पावसात भिजलेला.
बघ ना, मी ओरडले.
त्यानं एक डोळा उघडला, आणि लगेच मिटला,
जणू चोरून पाहतोय.

ओलेसुंड गेलं, क्रिस्टियानसुंड गेलं.
रोरविकला ब्रेड महाग आणि शिळा.
मग एका संध्याकाळी तो डोंगर,
आरपार भोक असलेला.
इथं वरच्या मजल्यावर पावलं धावायची, तो म्हणाला.
शेकडो पावलं, माझ्या छतावरून, एका बाजूला.
जहाज किंचित कलायचं.
मी समजायचो, आलं भोक.
आता भोकातून पलीकडचं आभाळ दिसत होतं,
नखाएवढं, पिवळट.
एवढंच? म्हणाला.
आणि अंधार पडेपर्यंत नांगर उचलू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तासांचा आकडा पन्नासावर गेला.
मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं काट्याकडे.
दांडा मीच पुढे ढकलला.
नाक वर उचललं बोटीनं, मागे पांढरं पाणी,
चहा माझ्या मांडीवर.
काहीतरी ओरडून सांगत होता तो. वाऱ्यात कळेना.
ओरडतोय म्हणजे नावच सुचलं असणार असं वाटून
मी वेग कमी केला.

तेल बदलायला हवं, तो म्हणत होता.